रिक्षा आपल्या मालकीची

(रस्त्यावर धावणारी प्रत्येक रिक्षा ती चालवणाऱ्याच्या मालकीची असतेच असे नाही. भाड्याने रिक्षा चालवणारा माणूस मालक कसा होऊ शकतो, त्यासाठी पैसा कोठून येतो आणि त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचा वाटा काय असतो, ते या पाठात सांगितले आहे. पाठातील आकडेमोड वहीत स्वतः करून पाहा.)

तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, चाचा किंवा मामू रिक्षा चालवत असतील. निदान मोहल्ल्यात अशी दोन-चार घरे असतीलच. संध्याकाळी एखाद्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबलेली तुम्ही पाहिली असेल. दिवसभर ती चालवणारा माणूस खाली उतरतो, सीट पुसतो आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात देतो. दुसरा माणूस गॅस किती आहे ते बघतो आणि निघून जातो. याला रिक्षावाले ‘शिफ्ट’ म्हणतात. एक दिवसाची शिफ्ट, एक रात्रीची. रिक्षा तिसऱ्याच माणसाची असते. तिला दोन चालक असतात आणि दोघेही मालकाला रोज ठरलेली रक्कम देतात. प्रवासी मिळोत वा न मिळोत, ती रक्कम द्यावीच लागते. गॅसचा खर्च चालकाचा. उरेल ते घरी.

‘रिक्षा’ हा शब्द कोठून आला, हे ठाऊक आहे का? तो जपानी आहे. ‘जिनरिकिशा’ म्हणजे माणसाच्या बळावर चालणारी गाडी. पुढे माणसाच्या जागी इंजिन आले. इटलीतील पियाजिओ कंपनीने १९४८ साली ‘आपे’ नावाची तीनचाकी बनवली. त्याच सुमारास पुण्याचे नवलमल फिरोदिया अशा गाड्या आपल्या देशात आणण्याच्या खटपटीला लागले. माणसाने माणसाला ओढून न्यावे, हे त्यांना पटत नव्हते. त्यांच्या प्रयत्नांमुळे ऑटोरिक्षा आपल्या रस्त्यांवर आली. माणूस ओढण्याच्या कष्टातून सुटला, हे खरे. पण गाडी महाग झाली आणि ती विकत घेण्याइतका पैसा चालवणाऱ्याकडे नव्हता. मालक वेगळा आणि चालक वेगळा ही रीत त्यामुळे पक्की झाली.

आणखी एक अडचण होती. रिक्षा विकत घेतली की ती लगेच रस्त्यावर आणता येत नाही. चालकाकडे लायसन आणि बॅज हवा, आणि आरटीओचा परवाना हवा. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत १९९७ पासून नवे परवाने देणे थांबले. ज्यांच्याकडे जुने परवाने होते त्यांची किंमत वाढली. हातात स्टिअरिंग असलेल्या माणसाला परवाना मिळण्याची वाट जवळजवळ बंद झाली. २०१७ मध्ये महाराष्ट्रात परवाने पुन्हा खुले झाले. तेव्हापासून परवान्याची भिंत बरीच खाली आली आहे. पैशाची भिंत मात्र तशीच उभी आहे.

आपण एका चालकाची कल्पना करू. त्यांना चाचा म्हणू. चाचा बारा वर्षे दिवसाच्या शिफ्टने रिक्षा चालवतात. समजा, ते मालकाला रोज ३०० रुपये देतात. महिन्यात २६ दिवस रिक्षा चालवली तर ७,८०० रुपये होतात. वर्षाचे ९३,६०० रुपये. तीन वर्षांचे २,८०,८०० रुपये. आता समजा, नवीन रिक्षा नोंदणी, विमा सर्व धरून २,५०,००० रुपयांना मिळते. म्हणजे चाचांनी तीन वर्षांत मालकाला जे दिले, त्यात एक रिक्षा येऊन वर ३०,८०० रुपये उरले असते. बारा वर्षांत चार रिक्षांची किंमत त्यांच्या हातांतून गेली आणि किल्ली मात्र रोज संध्याकाळी परत करावी लागली.

येथे मालकावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की त्या पैशातून मालक दुरुस्ती करतो, टायर बदलतो, विमा भरतो आणि आरटीओचे पासिंग करून घेतो. रिक्षा बंद पडली तर नुकसान त्याचेही होते. तरीही हिशेब चाचांच्या बाजूने बसत नाही, कारण त्या एकाच रिक्षावर रात्रीच्या शिफ्टचेही पैसे मालकाला मिळतात.

मग चाचा बँकेत का जात नाहीत? ते गेले होते, असे समजू. बँकेने पगाराचा दाखला मागितला. चाचांना पगार नाही. आयकराचे कागद मागितले, तेही नाहीत. घर भाड्याचे. रोज कमाई होते, पण ती कागदावर कोठेच दिसत नाही. बँकेचा साहेब वाईट माणूस होता असे मुळीच नाही. त्याला कागद पाहूनच कर्ज देता येते. स्टँडवरच्या चाळीस चालकांना मात्र ठाऊक असते की चाचा सकाळी सहाला गाडी काढतात, पत्ते खेळत बसत नाहीत आणि उसने घेतलेले पैसे सांगितलेल्या दिवशी परत करतात. ही माहिती बँकेच्या अर्जात लिहायला रकाना नसतो. तिला किंमत आणून देणारी व्यवस्था ज्यांनी उभी केली, त्यांच्यामुळेच कित्येक चालक मालक झाले आहेत.

अशा व्यवस्थेचा सर्वांत साधा प्रकार तुमच्या घरातही असेल. तो म्हणजे भिशी. तुमची अम्मी किंवा खाला भिशीत पैसे टाकत असेल. समजा, २० चालकांनी भिशी सुरू केली. प्रत्येकाने रोज १०० रुपये बाजूला ठेवले. पंचवीस दिवसांत एकेकाचे २,५०० रुपये जमतात आणि वीस जणांचे ५०,००० रुपये होतात. चिठ्ठी काढायची आणि ज्याचे नाव येईल त्याला ती सगळी रक्कम द्यायची. रिक्षाच्या किमतीतला पहिला भाग, ज्याला ‘डाऊन पेमेंट’ म्हणतात, तो असा उभा राहू शकतो. व्याज नाही, अर्ज नाही, खेटे नाहीत. पण भिशीचे एक दुखणे आहे. ती केवळ शब्दावर चालते. पैसे गोळा करणारा गाव सोडून गेला तर हातात पावतीसुद्धा नसते. म्हणून भिशी ओळखीच्या माणसांत, लहान आणि वहीत लिहून ठेवलेली असावी.

रोज कमावणाऱ्याने रोज थोडे भरावे, ही कल्पना जुनी आहे. कर्नाटकात टी. एम. ए. पै यांच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली ‘पिग्मी’ ठेव योजना सुरू केली. बँकेचा माणूस घरोघरी, दुकानोदुकानी जाई आणि दोन आणेसुद्धा घेई. पुढे ही पद्धत महाराष्ट्रातील पतसंस्थांनी उचलली. आजही बाजारात हातात छोटे यंत्र घेऊन फिरणारा पिग्मी एजंट तुम्हाला दिसेल. रिक्षावाल्याला हीच पद्धत मानवते. महिन्याच्या पाच तारखेला एकदम साडेसहा हजार काढून देणे त्याला जड जाते. रोज २६० रुपये देणे तितके जड जात नाही, कारण तो तेवढे मालकाला देतच होता.

आता मोठ्या रकमेकडे वळू. डाऊन पेमेंटचे ५०,००० रुपये झाले, पण उरलेले २,००,००० कोठून आणायचे? शोरूमच्या दारातच फायनान्सवाला बसलेला असतो. तो अर्ध्या तासात कर्ज मंजूर करतो. “फक्त एक टक्का महिना,” असे सांगतो. पतसंस्थाही वर्षाला बारा टक्के, म्हणजे महिन्याला एकच टक्का सांगते. दोन्ही सारखेच वाटतात ना? येथेच चांगले शिकलेले लोकही फसतात.

फायनान्सवाल्याचे व्याज ‘फ्लॅट’ असते असे समजा. म्हणजे तीनही वर्षे व्याज पूर्ण दोन लाखांवर चालते. दर महिन्याला २,००० रुपये, छत्तीस महिने. एकूण व्याज ७२,००० रुपये आणि हप्ता सुमारे ७,५५६ रुपये. शेवटच्या महिन्यात मूळ रकमेपैकी जेमतेम साडेपाच हजार देणे उरलेले असते, तरी त्यावर २,००० रुपये व्याज भरावे लागते. पतसंस्थेचे व्याज ‘घटत्या शिलकीवर’ असेल तर हिशेब वेगळा होतो. पहिल्या महिन्यात व्याज २,००० रुपयेच. पण हप्त्यातून मूळ रक्कम थोडी फिटते आणि दुसऱ्या महिन्याचे व्याज उरलेल्या रकमेवरच लागते. असे करत शेवटच्या महिन्यात व्याज सत्तर रुपयांच्या आत येते. हप्ता सुमारे ६,६४३ रुपये बसतो आणि तीन वर्षांचे एकूण व्याज ३९ हजारांच्या आसपास होते. दर एकच, रक्कम एकच, मुदत एकच. फरक जवळजवळ ३३ हजार रुपयांचा. गणिताच्या सरांना विचारा, ते फळ्यावर करून दाखवतील.

पतसंस्था म्हणजे नेमके काय? काही माणसे एकत्र येतात, प्रत्येक जण थोडी रक्कम ‘भाग’ म्हणून भरतो आणि सभासद होतो. सभासद आपली बचत तेथेच ठेवतात आणि त्याच पैशातून एकमेकांना कर्ज देतात. एकाचे भाग दहा असोत की हजार, मत एकच. जर्मनीत रायफायझन नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांसाठी अशा संस्था काढल्या. आपल्या देशात १९०४ साली त्यासाठी कायदा झाला. महाराष्ट्रात आता १९६० चा सहकारी संस्था कायदा आहे. शिक्षकांच्या, गिरणी कामगारांच्या, हमालांच्या पतसंस्था तुम्ही ऐकल्या असतील. रिक्षाचालकही अशी संस्था काढू शकतात किंवा मोहल्ल्यातील संस्थेचे सभासद होऊ शकतात.

पतसंस्था कर्ज देताना साधारणपणे दोन जामीनदार मागते. जामीनदार म्हणजे, “याने पैसे भरले नाहीत तर मी भरीन,” असे लिहून देणारा सभासद. चाचांनी स्टँडवरच्या एका जुन्या सोबत्याला विचारले. सगळे त्याला भाऊ म्हणत.

“भाऊ, पतसंस्थेतून कर्ज काढतोय. जामीन राहाल का?”

भाऊ काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “चाचा, तुम्हाला नाही कसं म्हणू? पण एक विचारतो, रागावू नका. उद्या तुम्ही आजारी पडलात, तर हप्ता कोण भरणार?”

“मोठा मुलगा आहे. त्याला लायसन काढून देतो.”

“त्याचा बॅज कुठंय? बॅजशिवाय त्याला रिक्षा चालवता येणार नाही. आधी त्याचा अर्ज भरा. आणि कर्जाचा विमा काढताय का, तेही संस्थेत विचारा. माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. मला दुसऱ्याचा हप्ता झेपायचा नाही, हे मी आजच सांगतो.”

“बरोबर बोललात, भाऊ. मी विचारून येतो. मग सही करा.”

पाहिले ना? भाऊने चाचांचा अपमान केला नाही. त्याने जे प्रश्न विचारले, ते बँकेच्या साहेबालाही सुचले नसते. जामीनदाराची सही हा उपचार नसतो. हप्ते थकले तर पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवू शकते आणि मग जामीनदाराच्या मालमत्तेपर्यंत वसुली पोचू शकते. मैत्रीखातर न वाचता सही करणारे पुष्कळ असतात आणि नंतर दोन घरांत बोलणे बंद होते. माझ्या मते, प्रश्न विचारून सही करणारा मित्र न विचारता सही करणाऱ्यापेक्षा भरवशाचा.

एकमेकांच्या भरवशावर कर्ज देण्याची ही पद्धत अनेक देशांत रुजली. बांगलादेशातील प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावात ४२ गरीब माणसांना मिळून ८५६ टका दिले. त्यातून पुढे ग्रामीण बँक उभी राहिली. पाच-पाच जणांचा गट आणि गटाचा एकमेकांवर विश्वास, ही तिची रीत. युनूस आणि ग्रामीण बँक यांना २००६ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तीनचाकीच्या बाबतीत आपल्याच देशातले एक उदाहरण फार बोलके आहे. ते आसामातील गुवाहाटीचे आहे आणि ऑटोचे नसून सायकल रिक्षाचे आहे. तेथील डॉ. प्रदीप शर्मा हे मूळचे जनावरांचे डॉक्टर. वर्षानुवर्षे सायकल रिक्षा ओढणारी माणसे भाड्याच्याच रिक्षा ओढत आहेत, हे पाहून त्यांनी आपल्या संस्थेमार्फत २००४ साली ‘रिक्षा बँक’ सुरू केली. चालकांचे पाच-पाच जणांचे गट केले. आयआयटी गुवाहाटीच्या मदतीने हलकी आणि ओढायला सोपी रिक्षा तयार करून घेतली. चालकाला रिक्षासोबत विमा, परवाना आणि ओळखपत्रही मिळे. रिक्षाच्या पाठीवर जाहिराती लावून खर्चाचा काही भार हलका केला. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. चालकाला जास्त काहीच भरावे लागत नव्हते. जे रोज मालकाला भाडे म्हणून देत होता, साधारण तेवढेच तो हप्ता म्हणून देई आणि सुमारे दीड वर्षात रिक्षा त्याची होई. पैसा तोच, फक्त त्याचे नाव बदलले: भाड्याचा हप्ता झाला.

म्हणून हे सगळे सोपे आहे, असे समजू नका. चाचांचा हिशेब पुन्हा काढा. भिशीची चिठ्ठी पहिल्याच महिन्यात लागली, तर पुढचे एकोणीस महिने भिशीचे रोज १०० रुपये द्यायचेच आहेत. त्यात पतसंस्थेचे २६० मिळवा. रोजचे ३६० झाले, भाड्यापेक्षा साठ रुपये जास्त. शिवाय आता टायर, ऑईल, विमा, पासिंग हेही चाचांच्याच खिशातून. पहिली दीड-दोन वर्षे मालकाची चैन नसते. उलट पूर्वीपेक्षा हात आखडता घ्यावा लागतो. चिठ्ठी शेवटी लागली तर हा ताण कमी होतो, पण तेवढे महिने शिफ्टवरच काढावे लागतात. काही जण रात्रीची शिफ्ट दुसऱ्या तरुणाला देऊन हप्ता भागवतात. म्हणजे कालचा चालक आज कोणाचा तरी मालक होतो! त्याने त्या तरुणाकडून किती पैसे घ्यावेत? वर्गात यावर जरूर वाद घाला.

परवाने खुले झाल्यावर रिक्षा वाढल्या आणि त्याच प्रवाशांत वाटेकरी वाढले, हेही विसरता येत नाही. आणि संकट कधी विचारून येत नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागली. रिक्षा उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांनी द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. पण त्या काळाचे व्याज चढतच राहिले. ज्यांनी नुकतीच रिक्षा घेतली होती, त्यांची झोप उडाली. दुसरीकडे, २०२१ च्या निर्बंधांच्या काळात राज्य सरकारने रिक्षाचालकांना १,५०० रुपयांची मदत जाहीर केली, ती परवानाधारकांना. शिफ्टने चालवणाऱ्याच्या नावावर परवानाच नव्हता. तोही घरी बसला होता, पण यादीत त्याचे नाव नव्हते. मालकीचा कागद अशा वेळी किती कामाला येतो, हे त्यावरून कळते.

पतसंस्था म्हटली की सगळे सुरक्षित, असेही नाही. बँकेतील ठेवींना २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना तसे संरक्षण नाही. गैरकारभारामुळे बुडालेल्या पतसंस्था महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. म्हणून वर्षाची सर्वसाधारण सभा असेल तेव्हा सभासदाने जावे, हिशेबाचा अहवाल मागावा, थकबाकी किती आहे ते विचारावे. कर्ज मिळेपर्यंत रोज संस्थेत जाणारे लोक सभेच्या दिवशी चहा-बिस्किटापुरते येतात, हे बरे नव्हे.

आपल्या समाजात व्याजाचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. व्याज द्यायचे नाही म्हणून काही जण कर्जच घेत नाहीत आणि जन्मभर भाडे भरतात. यावरही लोकांनी मार्ग शोधले आहेत. उत्तर प्रदेशात देवबंद येथे १९६१ साली ‘मुस्लिम फंड’ सुरू झाला. लोक तेथे आपली बचत ठेवतात आणि दागिने तारण ठेवून बिनव्याजी कर्ज घेतात. पण ज्याच्या घरात तारण ठेवायला दागिनाच नाही, त्याचे काय? आणखी एक पद्धत आहे. संस्था स्वतः रिक्षा विकत घेते आणि आपला नफा मिळवून ठरलेल्या किमतीला चालकाला हप्त्यांवर विकते. किंमत पहिल्याच दिवशी ठरते आणि पुढे वाढत नाही. कोणाला कोणता मार्ग पटेल, हे ज्याने त्याने ठरवावे. कोणताही मार्ग घेतला, तरी एकूण किती रुपये द्यायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हरकत नाही.

मुलींनो, तुम्ही हा पाठ मुलांचा समजून बाजूला ठेवू नका. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये महिलांसाठी ‘पिंक ई-रिक्षा’ योजना आणली. तिच्यात किमतीचा दहा टक्के भाग महिलेने भरायचा, वीस टक्के सरकार देते आणि सत्तर टक्के कर्ज मिळते. रिक्षा बॅटरीवर चालते, म्हणून हिशेब करताना गॅसच्या जागी वीज धरायची आणि पुढे कधी तरी बॅटरी बदलावी लागेल, तोही खर्च धरायचा.

शेवटी कागदपत्रांविषयी. कर्जाचा करार बहुतेक वेळा मराठीत किंवा इंग्रजीत असतो आणि घरातले मोठे माणूस तो तुमच्यापुढे ठेवून म्हणते, “बेटा, जरा वाचून सांग.” घाबरू नका. अर्ज, कर्ज, रक्कम, मुदत, करार, शर्ती, जामीन, वारस, वसुली, हे सगळे शब्द तुम्ही उर्दूतून ओळखता. एका शब्दाने मात्र घोटाळा होतो. उर्दूत ‘हफ़्ता’ म्हणजे आठवडा. मराठीत ‘हप्ता’ म्हणजे किस्त, आणि ती महिन्याचीही असू शकते. ‘मासिक हप्ता’ असे लिहिले असेल तर चार आठवड्यांत चार वेळा पैसे न्यायचे नाहीत. करारात चार गोष्टी आधी शोधा: व्याज फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर, हप्ता चुकला तर दंड किती, मुदतीआधी कर्ज फेडले तर काही जास्त घेतात का, आणि गाडी जप्त करण्याआधी लेखी नोटीस देतात का. जी ओळ कळत नाही तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि संस्थेतच विचारा. रिकाम्या जागा सोडलेल्या कागदावर अब्बांना सही करू देऊ नका.

कर्ज असेपर्यंत रिक्षाच्या नोंदणीपत्रावर, म्हणजे आर. सी. वर, चाचांच्या नावाखाली कर्ज देणाऱ्या संस्थेचेही नाव असते. याला ‘बोजा’ म्हणतात. बोजा असताना रिक्षा विकता येत नाही. छत्तिसावा हप्ता भरला म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही. संस्थेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा लागतो, फॉर्म नंबर ३५ वर तिची सही आणि शिक्का घ्यावा लागतो आणि ते कागद आरटीओत द्यावे लागतात. पुष्कळ चालक आनंदाच्या भरात हे काम विसरतात आणि काही वर्षांनी रिक्षा विकायला जातात तेव्हा अडतात. चाचांनी ते त्याच आठवड्यात केले. नवीन आर. सी. हातात आल्यावर त्यांनी ती भाऊला दाखवली, कारण त्या दिवशी भाऊचीही जामिनकी संपली होती.

शब्दार्थ

परवाना – इजाज़तनामा. हप्ता – क़िस्त. जामीनदार – ज़ामिन. तारण – रेहन, गिरवी. घटती शिल्लक – फिटत जाऊन उरलेली रक्कम. थकबाकी – बक़ाया. मुभा – इजाज़त, सवलत. बोजा – बोझ. येथे गाडीवरील कर्जाची नोंद. खेटे घालणे – पुन्हा पुन्हा चकरा मारणे. हात आखडता घेणे – जपून खर्च करणे.

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘रिक्षा’ हा शब्द कोणत्या भाषेतून आला?
(आ) बँकेने चाचांना कर्ज का दिले नाही?
(इ) २०२१ ची मदत शिफ्टने रिक्षा चालवणाऱ्यांना का मिळाली नाही?

२. भाऊने जामीन राहण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारले? ते तुम्हाला योग्य वाटतात का? सात-आठ ओळी लिहा.

३. कर्ज १,००,००० रुपये, मुदत २४ महिने, व्याज महिन्याला एक टक्का फ्लॅट. एकूण व्याज आणि मासिक हप्ता काढा.

४. मराठी व उर्दूत सारखे दिसणारे, पण अर्थाने वेगळे असणारे आणखी तीन शब्द शोधा आणि वाक्यांत उपयोग करा.

५. तुमच्या परिसरातील एखाद्या रिक्षाचालकाला भेटा. ते रिक्षाचे मालक आहेत की शिफ्टने चालवतात, हे अदबीने विचारा आणि संवाद मराठीत लिहा.